मृणाल गोरे

गोरे, मृणाल केशव : (२४ जून १९२८ – १७ जुलै २०१२). समाजवादी कार्यकर्त्या, मुंबई महापालिकेच्या नगरसेविका, पुढे आमदार व खासदार. माहेरचे आडनाव मोहिले. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात आल्या. १९४८ मध्ये सहकारी केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी आंतरजातीय विवाह. दोघांनी कामासाठी गोरेगाव निवडले. ते तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेरचे गाव होते. तेथील ग्रामपंचायतीत मृणालताई सदस्य होत्या. गोरेगाव १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आले, पण पालिकेचे पाणी घरोघर पोचायला बराच अवकाश होता. १९५८ मध्ये केशव गोरे वारले; मुलगी लहान होती.

१९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून आल्या. अनधिकृत झोपडीला नळ देता येत नाही, हे पालिकेचे ठरलेले उत्तर. ताईंचा मुद्दा साधा होता : झोपडी अनधिकृत असेल, तहान नव्हे. सभागृहात प्रश्न आणि रस्त्यावर हंडा मोर्चा, असे दोन्हीकडून त्यांनी प्रशासनाला भिडायचे ठरवले. त्यातून ‘पाणीवाली बाई’ हे नाव पडले. या नावाच्या कौतुकात जलवाहिन्यांसाठी कचेऱ्यांत घातलेल्या खेपा मात्र झाकल्या जातात.

१९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. त्याच सुमारास अहिल्या रांगणेकर आदींसह महागाईविरोधात काढलेले लाटणे मोर्चे गाजले. आणीबाणीत भूमिगत, नंतर तुरुंगवास. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर; ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा तेव्हाची. १९८५ मध्ये पुन्हा आमदार, काही काळ विरोधी पक्षनेत्या. गर्भलिंग चाचणीविरोधात त्यांनी अशासकीय विधेयक मांडले; १९८८ मध्ये राज्याने देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला.

नगरसेविकेची नजर मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. कमाल जमीन धारणा कायद्याखालील जमीन गरजूंच्या घरांना मिळावी, म्हणून बाबूराव सामंत आदींसह त्यांनी नागरी निवारा परिषद उभारली. प्रदीर्घ लढ्यानंतर दिंडोशीला सुमारे ६,००० घरांची वसाहत झाली. वसई येथे त्यांचे निधन झाले. गोरेगावातील एका उड्डाणपुलाला त्यांचे नाव दिले आहे.