गेट युवर डक्स इन अ रो

'''गेट युवर डक्स इन अ रो''' हा अमेरिकन इंग्रजीतील एक वाक्प्रचार आहे. त्याचा शब्दशः अर्थ "आपली बदके एका रांगेत आणा" असा होतो. एखादे काम हाती घेण्यापूर्वी त्यासाठी लागणाऱ्या सर्व गोष्टींची नीट जुळवाजुळव करणे हा त्याचा लाक्षणिक अर्थ आहे. विसाव्या शतकात हा वाक्प्रचार अमेरिकेत रूढ झाला आणि पुढे इतर इंग्रजी भाषक देशांतही पोहोचला. त्याच्या उगमाविषयी अनेक मते मांडली जातात; मात्र त्यांपैकी एकही निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

'''अर्थ आणि वापर'''

या वाक्प्रचारात केवळ नीटनेटकेपणा अभिप्रेत नसून ''पूर्वतयारी'' अभिप्रेत आहे. कर्जासाठी अर्ज करण्याआधी कागदपत्रे एकत्र करणे, खटला उभा राहण्याआधी पुरावे व साक्षीदार यांचा क्रम लावणे, किंवा नवा व्यवसाय सुरू करण्याआधी भांडवल, जागा व परवाने यांची व्यवस्था करणे अशा प्रसंगी तो वापरला जातो. कर्त्यानुसार त्यातील सर्वनाम बदलते. 'गेट' या क्रियापदाऐवजी 'हॅव', 'पुट' किंवा 'लाइन अप' हीही रूपे आढळतात. वाक्प्रचार अनौपचारिक असला तरी कार्यालयीन व राजकीय बोलण्यात तो सर्रास ऐकू येतो. तयारी अपुरी असल्याचे सांगण्यासाठी त्याचे नकारार्थी रूप वापरतात.

'''व्युत्पत्तीविषयक मते'''

''बदकाची पिल्ले :'' हे सर्वाधिक प्रचलित मत आहे. बदकाची पिल्ले आईच्या मागोमाग एका ओळीत चालतात व पोहतात. अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या अल्प काळात समोर हलणाऱ्या जिवाला आई मानून त्याच्या मागे जाण्याची या पक्ष्यांची प्रवृत्ती असते. तिला 'इंप्रिंटिंग' म्हणतात. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. प्राण्यांच्या वर्तनाविषयीच्या संशोधनासाठी १९७३ च्या नोबेल पारितोषिकात ते सहमानकरी होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, आईच्या मागे योग्य जागी पोहणाऱ्या पिल्लाला तिच्या पोहण्याने उठलेल्या लाटांमुळे पुढे सरकण्यास मदत होते आणि त्याचे श्रम वाचतात.

''डकपिन :'' हा बोलिंगचा एक प्रकार असून १८९० च्या दशकात अमेरिकेच्या पूर्व भागात तो खेळला जाऊ लागला. यातील सोंगट्या आखूड व जाड असतात. चेंडू सुमारे १.५ ते १.७ किलोग्रॅम वजनाचा असतो व त्याला बोटे घालण्यासाठी छिद्रे नसतात. १९५३ मध्ये केन शर्मन यांनी या खेळासाठी स्वयंचलित यंत्र तयार करेपर्यंत पडलेल्या सोंगट्या मुले हाताने उभ्या करीत. ती मांडणी म्हणजेच 'बदके रांगेत लावणे' असे या मताचे समर्थक मानतात. परंतु दहा सोंगट्या एका रांगेत नव्हे, तर त्रिकोणात उभ्या केल्या जातात.

''नेमबाजीचा खेळ :'' जत्रेतील नेमबाजीच्या दुकानात पत्र्याची बदके एकामागून एक सरकत जातात. त्यावरून वाक्प्रचार आल्याचेही सांगितले जाते. येथे रांग आहे, पण ती नेमबाजाने लावलेली नसते; शिवाय या चित्रातून तयारीपेक्षा 'सोपे लक्ष्य' हा अर्थ अधिक सहज निघतो.

''पूल :'' या खेळात खळग्याच्या तोंडाशी असलेल्या, सहज घालवता येणाऱ्या चेंडूला 'डक' म्हणतात. याही मताला वरील आक्षेप लागू होतो.

'''मतांचे मूल्यमापन'''

वाक्प्रचाराची व्युत्पत्ती ठरवताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात : मूळ मानलेली वस्तू वाक्प्रचाराच्या आधीपासून प्रचारात होती का, ती त्याच प्रदेशात परिचित होती का, आणि तिच्यावरून आजचा अर्थ निघतो का. या कसोट्यांवर पिल्लांचे मत सर्वांत कमी अडचणीचे ठरते, कारण ते कोणत्याही विशिष्ट खेळावर किंवा यंत्रावर अवलंबून नाही. तथापि सहज पटणारे स्पष्टीकरण हा पुरावा नव्हे. एखादी रंजक कथा वारंवार सांगितली गेल्याने खरी वाटू लागते. अशा कथांना 'लोकव्युत्पत्ती' म्हणतात.

'''मराठीतील समांतर प्रयोग'''

या वाक्प्रचाराचे शब्दशः भाषांतर मराठीत अर्थवाही होत नाही. संदर्भानुसार 'जय्यत तयारी करणे', 'जुळवाजुळव करणे' किंवा 'घडी बसवणे' हे प्रयोग त्याच्या जवळ जातात. 'कंबर कसणे' हा मात्र त्याचा पर्याय नव्हे. त्यात व्यवस्थेपेक्षा निर्धारावर भर आहे. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' हा प्रयोग याच्या नेमकी उलट स्थिती दर्शवतो.

'''हेही पहा'''

* वाक्प्रचार
* लोकव्युत्पत्ती
* कोनराड लोरेन्झ
* बोलिंग