वाटेवरचे दगड

बारामतीहून इंदापूरकडे जाताना देवळाच्या आवारात, वेशीपाशी शेंदूर फासलेले कोरीव दगड दिसतात. आपण हात जोडतो नि पुढे जातो. पण भगिनींनो, ते सारेच देव नव्हेत. पुष्कळशी माणसांची स्मारके होत.

वीरगळ खालून वर वाचावा. तळाच्या चौकटीत लढाई, कुठे सोडवून आणलेल्या गाई, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. नाव बहुधा नसतेच. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इंदापुरास लढाईत पडले. त्यांचे स्मारक तेथे आहे, नावही सर्वांच्या ओठी आहे. साध्या शिपायाच्या नशिबी ते कोठले?

सतीशिळेची खूण आपणांस चटकन कळेल : कोपरात वाकलेला हात आणि त्यात भरलेला चुडा. ती बाई आपखुशीने गेली की लोटली गेली, हे दगड सांगत नाही. १८२९ साली बंगालमध्ये ही चाल कायद्याने बंद झाली, ते योग्यच झाले. चालीला नमस्कार नको. त्या बाईची आठवण मात्र हवी.

पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर उजनीच्या जलाशयात गेले. धरण १९८० साली पुरे झाले. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की मंदिर उघडे पडते, भोवतालचे वीरगळ-सतीशिळाही दिसतात. पाण्यात गेलेले असे परत भेटते. रस्तारुंदीत भरावाखाली गेलेले भेटत नाही.

म्हणून एवढे करू या : असा दगड धुण्याला घेऊ नये, त्यावर रंग चढवू नये, आणि तो हलू लागला तर ग्रामपंचायतीस कळवावे. ज्यांची नावे उरली नाहीत, त्यांची जागा तरी राहू द्या.