शिवराईतील टंकनदोष
शिवराई : मराठा राज्याचे तांब्याचे नाणे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास ते सुरू केले. पुढे सातारा गादीच्या काळातही ते पडत राहिले आणि आजच्या सातारा-सांगली भागात दीर्घकाळ चालले. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात.

टंकनपद्धती : तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवून वरच्या ठशावर हातोड्याचा घाव घालीत. चकत्यांचा आकार नेमका नसे, वजन मात्र सांभाळले जाई. त्यामुळे लांबट, कोपरे असलेली, काठ तडकलेली नाणी सर्रास आढळतात. ठसा चकतीहून मोठा असल्याने अक्षरांभोवतीचे बिंदूंचे वर्तुळ क्वचितच पूर्ण उमटते; कधी ‘श्री’, तर कधी ‘शिव’ काठाबाहेर जाते.

प्रमुख दोष : (१) चकती सरकल्याने एका बाजूस कोरी जागा राहणे, (२) दुसऱ्या घावाने अक्षरे दुहेरी उमटणे, (३) आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्यास पुढच्या चकतीवर त्या नाण्याची उघडी बाजू खोलगट व उलटी उमटणे.

‘सिव’, ‘छत्रपती’ यांसारखे लेखनभेद ठसा कोरणाऱ्याच्या हातचे असल्याने ते टंकनदोषांत धरत नाहीत. एका ठशाच्या सर्व नाण्यांवर ते सारखेच येतात. वेडावाकडा आकार हाही या नाण्यांत दुर्मिळतेचा पुरावा ठरत नाही. यंत्राने पाडलेल्या नाण्यात मात्र असा आकार अपवादात्मक असतो.