तारेची शीव आणि तिची नावे

बांध कोरल्यावरून सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, हे आपणांस सांगावयास नको. टेलिफोनच्या तारेलाही अशी एक शीव असते, आणि तिच्यावरूनही कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत. अमेरिकेतील ती हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. आमचे लक्ष विशेषेकरून नावांकडे राहील. कारण घराच्या भिंतीवरील त्या डबीला लोक काय म्हणत आले, यावरून तारेचा धनी कोण मानला जात होता हे कळून येते.

प्रारंभी शीव नव्हतीच. ए. टी. अँड टी.च्या अमदानीत, जिला लोक बेल म्हणूनच ओळखत, खांबावरची तार, भिंतीवरची तार आणि मेजावरचे यंत्र ही सारी कंपनीची. ग्राहक निव्वळ भाडेकरू. तार घरात शिरे तेथे ‘प्रोटेक्टर’ नावाचे उपकरण असे. त्यात कार्बनचे ठोकळे अगदी बारीक फट ठेवून बसविलेले असत. तारेवर वीज कोसळली की ती फट ओलांडून जमिनीत उतरे. नाव संरक्षकाचे, सीमेचा त्यात वासही नाही. शेताला एकच मालक असेल तर बांध घालतो कोण?

ग्राहकाने स्वतःची एखादी वस्तू यंत्राला लावली, तर तिला ‘फॉरेन अटॅचमेंट’, म्हणजे परकी जोडणी, असे म्हणत व ती निषिद्ध असे. ‘हश-ए-फोन’ हे पेल्यासारखे एक साधन होते. बोलणे शेजारच्यास ऐकू जाऊ नये म्हणून ते यंत्राच्या तोंडाशी बसवीत. विजेशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता! तरी कंपनीने हरकत घेतली, आणि फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननेही १९५५ साली कंपनीचीच बाजू उचलून धरली. १९५६ साली अपील कोर्टाने तो निर्णय फिरविला. तोंडाशी हाताची ओंजळ धरून जे साधते तेच पेल्याने साधले तर बिघडले कोठे, असा कोर्टाचा रोख होता.

पुढे १९६८ साली टेक्ससच्या टॉमस कार्टर यांचे प्रकरण निकालात निघाले. बिनतारी यंत्रावरील संभाषण टेलिफोनशी जोडणारे त्यांचे ‘कार्टरफोन’ कमिशनने ग्राह्य धरले, आणि परक्या वस्तूंवरील सरसकट बंदी उठली. कंपनीने मग निराळा मार्ग काढला: ग्राहकाचे यंत्र जोडावयाचे तर मध्ये कंपनीचे संरक्षक उपकरण हवे, आणि त्याचे भाडे ग्राहकाने भरावे. नाव पुन्हा संरक्षणाचेच. पण आता भय आभाळातील विजेचे नव्हते, ग्राहकाचे होते. १९७५ पासून नोंदणीची पद्धत आली व हे मधले उपकरण हळूहळू अनावश्यक ठरले. ‘आर. जे. ११’ यातील ‘आर’ हा त्याच ‘रजिस्टर्ड’चा.

१ जानेवारी १९८४ रोजी बेलची शकले झाली, आणि १९८७ पासून घरातल्या तारेची देखभाल नियंत्रित दरांतून वगळली गेली. आता शीव आखणे भागच होते. नियमाने तिला ‘डिमार्केशन पॉइंट’ म्हटले. एका कुटुंबाच्या घरापुरते सांगावयाचे तर प्रोटेक्टरपासून बारा इंचांच्या आतील बिंदू. प्रोटेक्टर नसल्यास तार घरात शिरते तेथपासून बारा इंच. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे, की कायद्याने बिंदू सांगितला, डबी नव्हे. डबीचे नाव ‘नेटवर्क इंटरफेस डिव्हाइस’. कारागिरांनी मात्र दोहोंना ‘डिमार्क’ म्हणून टाकले. वरवर ही निष्काळजी भाषा. पण मोठ्या इमारतीत हा बिंदू तळघरात असू शकतो, आणि भाडेकरूला दिसते ती पाचव्या मजल्यावरची डबी. तो तिलाच डिमार्क समजतो. मधल्या पाच मजल्यांची तार तुटली की कंपनी हात वर करते व दुरुस्तीचे बिल येते!

ती घरगुती डबी मात्र आम्हांस फार शहाणी वाटते. तिचा एक कप्पा कंपनीचा, एक ग्राहकाचा. ग्राहकाच्या कप्प्यातील छोटा प्लग उपसला की घरातील सारी तार सुटी होते. तेथे चांगला टेलिफोन लावून पाहावा: टोन आला तर दोष घरात, न आला तर कंपनीकडे. इंग्लंडातही १९८१ नंतर आलेल्या ‘मास्टर सॉकेट’मध्ये खालचा अर्धा भाग काढून हीच परीक्षा करीत.

आमच्याकडील लाइनमन भिंतीवरील डबीला ‘रोझेट’ म्हणत. रोझेट म्हणजे लहानसा गुलाब. नाव नुसत्या आकाराचे. एकदा आमचा फोन पंधरा दिवस मुका होता. दोष आत आहे असे ते म्हणत, बाहेर आहे असे आम्ही म्हणत होतो, आणि शीव दाखवावयास उभयतांपाशी काहीच नव्हते.

काचतंतूची तार आल्यापासून शेवटचे यंत्र पुष्कळदा घराच्या आत बसते. ते कंपनीचे असले तरी वीज खाते ग्राहकाची, आणि वीज गेली की तेही बंद पडते. अमेरिकेतील कारागीर त्यालाही बेधडक डिमार्क म्हणतात.