महानगर नियोजन संस्था (अमेरिका)

महानगर नियोजन संस्था ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ५०,००० हून अधिक लोकसंख्येच्या प्रत्येक नागरी क्षेत्रासाठी संघीय कायद्यानुसार नियुक्त होणारी वाहतूक नियोजन संस्था आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एमपीओ म्हणतात. देशात अशा ४०० हून अधिक संस्था आहेत. त्या सहसा स्वतः रस्ते बांधत नाहीत; संघीय निधी कोणत्या प्रकल्पांवर खर्च व्हावा, हे ठरवण्यात त्यांची संमती निर्णायक असते.

इतिहास

१९६२ च्या संघीय महामार्ग साहाय्य कायद्याने मोठ्या नागरी क्षेत्रांतील महामार्ग निधीसाठी राज्ये व स्थानिक शासनांनी मिळून सातत्यपूर्ण, सर्वसमावेशक व सहकार्याधारित नियोजन करण्याची अट घातली. १९७३ च्या कायद्याने नियोजनासाठी स्वतंत्र निधी राखून ठेवला. १९९१ च्या भूपृष्ठ वाहतूक कायद्याने या संस्थांचे अधिकार वाढवले आणि उपलब्ध निधीच्या मर्यादेतच आराखडे आखणे बंधनकारक केले. २०१२ च्या कायद्याने उद्दिष्टे ठरवून कामगिरी मोजण्याची पद्धत आणली.

रचना

राज्याचा गव्हर्नर आणि क्षेत्रातील किमान ७५ टक्के लोकसंख्येचे प्रतिनिधित्व करणारी स्थानिक शासने यांच्या करारातून संस्था नियुक्त होते. या शासनांत सर्वांत मोठ्या शहराचा समावेश आवश्यक असतो. २,००,००० हून अधिक लोकसंख्येच्या क्षेत्रांत नियामक मंडळावर स्थानिक लोकप्रतिनिधी, सार्वजनिक वाहतूक चालवणाऱ्या संस्थांचे अधिकारी व राज्याचे अधिकारी असावे लागतात. ऑरेगनमधील पोर्टलंड येथील ‘मेट्रो’ या संस्थेचे मंडळ थेट मतदारांनी निवडलेले असते.

कार्ये

संस्थेला किमान २० वर्षांचा दीर्घकालीन आराखडा आणि किमान ४ वर्षांचा प्रकल्प कार्यक्रम तयार करावा लागतो. मसुद्यांवर नागरिकांना मत मांडण्याची संधी देणे अनिवार्य आहे. महामार्ग किंवा सार्वजनिक वाहतुकीच्या संघीय निधीवर उभारायचा प्रकल्प सर्वसाधारणपणे या कार्यक्रमात समाविष्ट असावा लागतो.

हवेची गुणवत्ता निकषांपेक्षा खालावलेल्या क्षेत्रांत हे आराखडे स्वच्छ हवा कायद्याशी सुसंगत असावे लागतात. अटलांटा महानगर क्षेत्राची ही सुसंगती १९९८ मध्ये संपुष्टात आल्याने तेथील अनेक नव्या रस्ते प्रकल्पांचा संघीय निधी अडला.

देखरेख

संघीय महामार्ग प्रशासन व संघीय सार्वजनिक वाहतूक प्रशासन २,००,००० हून अधिक लोकसंख्येच्या क्षेत्रांतील नियोजन प्रक्रियेचे दर ४ वर्षांनी प्रमाणीकरण करतात.

टीका व वाद

अनेक मंडळांत लहान उपनगर व मोठे शहर यांना समान मत असते. त्यामुळे दाट वस्तीच्या भागांचे हित, विशेषतः सार्वजनिक वाहतूक, मागे पडते असा आक्षेप घेतला जातो. एकाच नागरी क्षेत्रातील अनेक संस्थांनी विलीन व्हावे किंवा संयुक्त आराखडा करावा, असा नियम २०१६ मध्ये आला. स्थानिक विरोधानंतर काँग्रेसने २०१७ मध्ये तो कायद्याने रद्द केला.