ईस्टरनंतरचा सोमवार

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाला आपल्याकडे ‘कर’ म्हणतात आणि शुभकार्याला तो वर्ज्य मानतात. सण होऊन गेलेला असतो. मागे राहतो तो नुसता दिवस. अमेरिकेच्या राजधानीत मात्र अशाच एका मागे राहिलेल्या दिवसाचा सण झाला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात कृष्णवर्णीय कुटुंबांनी जमण्याची प्रथा शतकाहून अधिक जुनी आहे. रंगवलेली अंडी, हिरवळीवर उघडलेले जेवणाचे डबे, नव्या कपड्यांतली मुले, गाणी. पाहणाऱ्याला हा वसंतातला एक कौटुंबिक कार्यक्रम वाटावा. पण सोमवारच का, आणि प्राणिसंग्रहालयच का, असे दोन प्रश्न विचारले की त्या हिरवळीखालचा इतिहास दिसू लागतो.

पहिल्याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. गुलामगिरी संपल्यानंतरही राजधानीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी फार मोठ्या भागाची उपजीविका गोऱ्यांच्या घरकामावर चाले. ईस्टरच्या रविवारी मालकाघरी मेजवानी; म्हणजे स्वयंपाकीण, दाई, वाढपी सारे कामावर. स्वतःच्या मुलांना घेऊन बाहेर पडायला मोकळा मिळे तो सोमवार.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक गुंतागुंतीचे आहे. शहरातली मुले ईस्टरच्या सोमवारी संसद भवनाच्या उतारावर अंडी घरंगळवीत. गवताची नासाडी होते म्हणून १८७६ साली काँग्रेसने कायदा करून हा खेळ बंद पाडला, आणि १८७८ मध्ये अध्यक्ष हेज यांनी व्हाइट हाउसची हिरवळ मुलांना खुली केली. कृष्णवर्णीय मुलांना तिथे पहिल्यापासून मज्जाव होता, असे सरसकट सांगितले जाते; ते तितकेसे खरे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या छायाचित्रांत तीही दिसतात. पण पुढे राजधानीतला वर्णभेद घट्ट होत गेला. १९१३ नंतर विल्सन यांच्या कारकिर्दीत सरकारी कचेऱ्यांतही गोरे-काळे वेगळे बसवले गेले. १९५० च्या दशकात मेमी आयझेनहॉवर यांनी कुंपणाबाहेरून आत पाहणारी कृष्णवर्णीय मुले पाहिली आणि पुढच्या वर्षी त्यांना आत घेतले, अशी आख्यायिका आहे. तिचे तपशील बाजूला ठेवले तरी एवढे कळते, की मधल्या काळात ती मुले कुंपणाबाहेर गेली होती. वर्णभेद प्रत्येक दारावर पाटी लावत नाही. आपण कुठे जायचे नाही, हे माणसांना पाटीवाचूनही कळते.

काही ठिकाणी मात्र पाटी होती. मेम्फिसच्या प्राणिसंग्रहालयात कृष्णवर्णीयांना आठवड्यातला एकच दिवस प्रवेश असे, आणि त्या दिवशी ‘आज गोऱ्यांना प्रवेश नाही’ असा फलक लागे. वॉशिंग्टनलगतचे ग्लेन एको हे करमणूक उद्यान १९६१ पर्यंत केवळ गोऱ्यांचे होते. राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय त्यांहून वेगळे होते. १८८९ च्या कायद्याने ते स्थापन झाले, स्मिथसोनियन संस्थेच्या ताब्यात आले, आणि १८९१ पासून रॉक क्रीकच्या काठी लोकांसाठी खुले झाले. तिथे तिकीट नव्हते आणि वर्णाची अटही नव्हती.

म्हणून ही जागा निष्पाप होती, असे नव्हे. तिचे पहिले अधीक्षक विल्यम हॉर्नडे १८९० साली मतभेदांमुळे बाहेर पडले आणि पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाचे संचालक झाले. १९०६ मध्ये त्यांच्याच कारभारात ओटा बेंगा हा कांगोतला तरुण माकडांच्या घरात प्रेक्षकांपुढे ठेवला गेला. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी आवाज उठवला, तेव्हा त्याची सुटका झाली. तो आफ्रिकेत परतू शकला नाही. १९१६ साली त्याने आत्महत्या केली.

हे लक्षात ठेवून त्या सोमवारच्या गर्दीकडे पाहिले तर तिचा अर्थ बदलतो. ज्या समाजातल्या माणसाला पिंजऱ्याच्या आत उभे करता येते असे त्या काळच्या विद्वानांना वाटत होते, तो समाज पिंजऱ्याबाहेरच्या हिरवळीवर सहकुटुंब जेवायला बसला होता. घोषणा नव्हती, मोर्चा नव्हता. मुलाला खांद्यावर घेऊन हत्ती दाखवणे, एवढेच. पण सार्वजनिक जागेवरचा हक्क असाही बजावता येतो, वर्षानुवर्षे तिथे येत राहून.

या प्रथेला केवळ वंचनेची कहाणी म्हणणे मला म्हणूनच अपुरे वाटते. पुढे व्हाइट हाउसचे दार उघडले, ग्लेन एकोचे उघडले. दुसरीकडे जाण्याची सोय झाली. तरीही कुटुंबे सोमवारी इथे येत राहिली, आजीबरोबर आलेली नात पुढे स्वतःच्या मुलांना घेऊन आली. नाइलाजाने निवडलेली जागा नाइलाज संपल्यावरही सोडली गेली नाही, तेव्हा ती त्यांची झाली. मालकाच्या सणातून उरलेल्या दिवसाला या लोकांनी कर राहू दिले नाही.