गिरिशिखरें आणि हौशी बिनतारी

उंच जागेवरून दूरवर खूण पोंचवावी, ही युक्ति मनुष्यास फार प्राचीन काळापासून अवगत आहे. रात्रीं जाळ, दिवसां धूर, पुढें निशाण आणि तोफ हीं तिचीं साधनें. सन १६६० मध्यें विशाळगडावरील तोफांच्या आवाजाची वाट पाहत बाजीप्रभूनें खिंड लढविली, ही परंपरागत हकीकत आपल्या घरोघरीं मुलांना सांगितली जाते. उंची आणि संदेश यांचा हाच संबंध बिनतारी विद्येच्या इतिहासांतहि दिसून येतो. पाठीवर लहानसें बिनतारी यंत्र घेऊन डोंगरमाथा गांठावयाचा आणि तेथून अनोळखी माणसांशीं बोलावयाचें, असा छंद आज अनेक देशांत रूढ आहे. सुशिक्षित कुटुंबांतून असल्या छंदास रिकामपणाचा उद्योग म्हणण्याची चाल आहे. हा अभिप्राय इतिहासाच्या कसोटीस उतरतो काय, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

न्यूफाउंडलंडांतील सेंट जॉन्स या बंदराच्या मुखाशीं एक टेकडी आहे. जहाजें दृष्टीस पडतांच तेथून निशाणें चढवीत, म्हणून तिचें नांव सिग्नल हिल. ता. १२ डिसेंबर १९०१ रोजीं याच टेकडीवर मार्कोनीनें पतंगाच्या आधारें सुमारें ५०० फूट लांबीची तार आकाशांत चढविली आणि इंग्लंडांतील पोल्डू येथून, म्हणजे सुमारें २१०० मैलांवरून, येणारें मोर्स लिपींतील ‘एस्’ हें अक्षर ऐकिल्याचें जाहीर केलें. त्यानें तें खरोखर ऐकिलें काय, याविषयीं अद्यापहि तज्ज्ञांत मतभेद आहे. कारण साक्ष काय ती त्याच्या व त्याच्या साहाय्यकाच्या कानांची. तथापि जुन्या निशाणाची जागा नव्या विद्येनें त्याच माथ्यावर घेतली, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

यानंतर हौशी मंडळींची पाळी आली. सन १९१२ च्या अमेरिकन कायद्यानें त्यांना २०० मीटर व त्याहून आंखूड लहरींच्या प्रदेशांत लोटून दिलें. या लहरी दूरच्या कामास निरुपयोगी, अशी त्या वेळची समजूत होती. अर्थात् ही एक प्रकारची हद्दपारीच होय. परंतु नोव्हेंबर १९२३ मध्यें फ्रान्सांतील नीस येथील लेऑं देलॉय आणि अमेरिकेंतील श्नेल व राइनार्ट्झ या हौशी गृहस्थांनीं सुमारें ११० मीटरांच्या लहरीवर अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरून परस्परांशीं संभाषण केलें. जी जमीन नापीक म्हणून दिली, तींतूनच पीक निघालें.

लहरी आणखी आंखूड, म्हणजे पांच मीटरांच्या आसपास, झाल्या कीं त्या प्रकाशाप्रमाणें बहुतांशीं सरळ जातात. मध्यें डोंगर अथवा पृथ्वीचा बांक आला कीं अडतात. येथें शिखराचें महत्त्व पुन्हां प्रगट झालें. सन १९३२ मध्यें अमेरिकेंतील ६२८८ फूट उंचीच्या माउंट वॉशिंग्टनवर जी वेधशाळा नव्यानें सुरू झाली, तिच्या संस्थापकांत जो डॉज व अलेक्झांडर मॅकेंझी हे हौशी बिनतारीवाले होते. तेथून सुमारें १४० मैलांवरील ब्लू हिल वेधशाळेशीं अशाच आंखूड लहरींवर बोलणें चाले. ता. १२ एप्रिल १९३४ रोजीं याच माथ्यावर वाऱ्याचा वेग ताशीं २३१ मैल मोजला गेला, आणि सन १९९६ पर्यंत तो जागतिक उच्चांक म्हणून टिकला. हौसेची विद्या शास्त्राच्या सेवेस कशी लागते, याचें हें उत्तम उदाहरण होय.

या छंदास नियमबद्ध स्वरूप आलें तें ता. २ मार्च २००२ रोजीं. त्या दिवशीं वेल्स व इंग्लंड येथें ‘समिट्स ऑन द एअर’ या नांवाचा उपक्रम सुरू झाला व पुढें तो अनेक देशांत पसरला. नियम मोठे मार्मिक आहेत. शेवटची चढण स्वतःच्या अंगबळानें चढावयाची. यंत्र, तार व बॅटरी स्वतः वाहून न्यावयाची. मोटारींत बसून बोलावयाचें नाहीं. तेलावर चालणारें वीजयंत्र वर्ज्य. शिखराच्या उंचीप्रमाणें एकापासून दहापर्यंत गुण मिळतात, आणि हजार गुण झाले म्हणजे ‘माउंटन गोट’, अर्थात् पहाडी बोकड, ही गमतीची पदवी! परंतु नुसता माथा गांठून गुण मिळत नाहींत. चार निरनिराळ्या केंद्रांशीं संपर्क घडावा लागतो. चढणें एकट्याच्या पायांचें काम. त्याची सार्थकता मात्र खालीं कान देऊन बसलेल्या परक्या माणसांच्या हातीं. हा नियम आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटतो.

आतां मूळ आक्षेप. ज्याच्या त्याच्या खिशांत दूरध्वनि असतां ही यातायात कशाला? याचें उत्तर एका भारतीय प्रसंगांत आहे. तो शिखरावरील नव्हे, समुद्रकांठचा आहे. सन २००४ च्या डिसेंबरांत आपल्या देशांतील कांहीं हौशी बिनतारीवाले जगभरच्या समानशीलांशीं बोलण्याची मौज अनुभवावी म्हणून यंत्रें घेऊन पोर्ट ब्लेअर येथें गेले होते. ता. २६ रोजीं भूकंप व त्सुनामी यांनीं अंदमानचें दळणवळण तोडून टाकलें. तेव्हां याच मंडळींनीं याच यंत्रांवरून तेथील माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोंचविले. कोणाची आई, कोणाचा मुलगा जिवंत आहे, ही वार्ता जिच्यावरून आली, ती सामग्री मौजेखातर नेलेली होती!

खांबावरची तार किंवा मनोरा कोसळल्यावर उपयोगी पडणारा मनुष्य त्याच दिवशीं तयार करितां येत नाहीं. थोड्या विजेंत, वाऱ्यापावसांत, स्वतः तार बांधून चार जणांना साद घालण्याचा सराव त्यास आधींच असावा लागतो, आणि असा सराव मनुष्य वर्षानुवर्षें करतो तो बहुधा हौसेनेंच. म्हणून एखादा मुलगा तारांचें भेंडोळें घेऊन टेकडीकडे निघाला, तर वडील मंडळींनीं त्यास अडविण्यापूर्वीं क्षणभर विचार करावा, अशी आमची विनंति आहे.